गॅसबत्ती, चूल आणि सायकलरिक्षा

दिवाळी सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस यायचे. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडायचा, रात्रभर नाटक चालायचं आणि मंचाच्या दोन्ही अंगांना गॅसबत्त्या टांगलेल्या असायच्या. बत्तीवाला पंपानं हवा भरायचा, आतली कापडी जाळी लख्ख पेटायची, आणि आम्ही मुलं राजा-राणीला विसरून तिच्याकडेच बघत बसायचो. घरी एवढा उजेड कुठला? तिथं कंदील आणि चिमणी. संध्याकाळी राखेनं काच पुसायची, वात कातरायची आणि रेशनवर मोजून मिळालेलं मातीचं तेल पुरवून वापरायचं.

आम्ही त्या जाळीकडे टक लावून बघत होतो, त्याच काळात पश्चिम महाराष्ट्रात फलटणला एक अभियंता तिचाच अभ्यास करत होता, हे मला फार उशिरा कळलं. डॉ. अनिल राजवंशी. जन्म 1950चा, लखनौचा. आयआयटी कानपूरला शिक्षण, मग अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात सौरऊर्जेवर संशोधन, 1979मध्ये डॉक्टरेट. तिथं शिकवण्याचं काम असताना 1981मध्ये ते परतले आणि दिल्ली-मुंबई सोडून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले. बनबिहारी निंबकरांनी 1968मध्ये उभी केलेली ही संस्था. राजवंशींच्या पत्नी डॉ. नंदिनी निंबकर याही तिथल्याच संशोधक.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो त्यांनी निवडलेल्या कामांमुळे. कंदील, चूल, सायकलरिक्षा. मोठ्या प्रयोगशाळांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं, अशा वस्तू. ‘नूरी’ नावाची त्यांची बत्ती रॉकेल, डिझेल किंवा अल्कोहोल, कशावरही जळायची आणि शंभर वॅटच्या बल्बएवढा उजेड द्यायची. तशी एक बत्ती तेव्हा आमच्या ओसरीवर असती, तर घरात दहावीचा अभ्यास करणाऱ्यांचे डोळे तरी वाचले असते. आज आमच्याकडे घरोघर एलईडी आहेत. मंडईतली नाटकं रंगीत दिव्यांत होतात, आणि नव्या पोरांना गॅसबत्ती कशी पेटवतात ते सांगावं लागतं.

चुलीची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. आईचा अर्धा जन्म फुंकणी हातात धरून गेला. पावसाळ्यात ओल्या काटक्या धुमसायच्या आणि तिचे डोळे लालबुंद व्हायचे. राजवंशींनी याच धुरावर उपाय शोधला. गोड ज्वारी हे असं पीक की वरचं कणीस खायला मिळतं आणि ताटातल्या रसापासून अल्कोहोल. सूर्याच्या उष्णतेवर ते अल्कोहोल गाळण्याचा प्रयोग त्यांनी 1980च्या दशकात केला. पुढे निम्मं पाणी मिसळलेल्या अल्कोहोलवर चालणारी शेगडीही बनवली. पण अल्कोहोल म्हटलं की उत्पादन शुल्काचे नियम आडवे आले. घरगुती इंधन म्हणून त्याला मोकळीक मिळावी यासाठी ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. 2016मध्ये उज्ज्वला योजना आली, सिलिंडर गावोगाव पोचले. तरी आमच्या गावात आजही चहा गॅसवर होतो आणि आंघोळीचं पाणी परसातल्या चुलीवरच तापतं. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, पूर्वीच्या मातीच्या तेलासारखाच.

रिक्षाचं तर डोळ्यांदेखत घडलं. भंडारा बसस्टँडवर सायकलरिक्षांची रांग असायची. चढ आला की रिक्षावाला उतरून, छातीचा भाता करून गाडी ओढायचा आणि मागे बसलेल्याला उगीच अपराधी वाटायचं. 1990च्या दशकात राजवंशी आणि त्यांचे सहकारी बॅटरीवरची रिक्षा बनवत होते. पायडलला मोटरची जोड दिलेली आणि गिअर बसवलेली, असे तिचे आणखी दोन प्रकारही त्यांनी केले. 2015मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल होऊन ई-रिक्षाला रीतसर जागा मिळाली. आज भंडाऱ्यात ई-रिक्षा सुळसुळत फिरतात. त्यांचं डिझाइन फलटणचं नाही, पण ही वाट तिथं फार आधी दिसली होती. 2022मध्ये राजवंशींना पद्मश्री मिळाली तेव्हा मला आमचे ते घामाघूम रिक्षावालेच आठवले.

एक गोष्ट राहून गेली आहे. 1990च्या दशकात राजवंशींनी मांडलं होतं की एक तालुका आपली ऊर्जेची गरज आपल्याच शिवारातून भागवू शकतो. शेतातला काडीकचरा आणि इंधनासाठी लावलेली झाडं यांतून. उसाच्या पाचटापासून जळाऊ वायू काढणारी भट्टीही त्यांनी चालवून दाखवली. आमच्याकडे ऊस कमी, पण तणीस अमाप. पूर्वी तणसाचे ढीग घरामागे रचलेले असायचे आणि बैल-म्हशी वर्षभर ते खायच्या. आता बैल गेले, हार्वेस्टर आले. उन्हाळी धान निघालं की पुढची मशागत उरकायच्या घाईत तणीस बांधीतच पेटवतात आणि दोन दिवस गावावर धूर राहतो. राईस मिलचा कोंडा तरी बॉयलरला किंवा वीटभट्टीला जातो, तणसाला मात्र कोणी वाली नाही. शेतात सौरपंपांच्या काळ्या पाट्या चमकू लागल्या आहेत, हे मला मनापासून आवडतं. पण साकोलीत किंवा लाखांदुरात शिकून मोठ्या झालेल्या एखाद्या अभियंत्यानं फलटणचा तो जुना हिशेब काढावा, उसाच्या जागी धान घालावं आणि आपल्या तालुक्याचा आकडा मांडून बघावा, याची मी वाट बघतो आहे.