रोटोरुआ राहिलं, सालबर्डी गाठली!

ऑकलंडला असलेला माझा मावसभाऊ दर दिवाळीला फोनवर एकच टेप लावतो, ‘ये ना एकदा, रोटोरुआ दाखवतो!’ यंदा मी मनावर घेतलं. पासपोर्ट शोधला, नेटवर बसले, सुट्ट्यांचा हिशेब मांडला. (फ्रीलान्सरला सुट्ट्या भरपूर, पगारी एकही नाही. असो.)

रोटोरुआ म्हणजे न्यूझीलंडमधलं वाफाळतं गाव. ऑकलंडहून गाडीनं साधारण तीन तास. उकळता चिखल, गंधकाचा वास आणि 30 मीटरपर्यंत उसळणारा पोहुतू नावाचा गिझर. पण मला भुरळ पडली ती शेजारच्या फाकारेवारेवा गावाची. (स्पेलिंगवर जाऊ नका, तिथं ‘डब्ल्यूएच’चा उच्चार ‘फ’!) माओरी कुटुंबं तिथं आजही राहतात. उकळत्या कुंडात मक्याची कणसं शिजवतात, वाफेवर जेवण करतात आणि पाहुण्यांना आपलं गाव स्वतः फिरवून दाखवतात. ‘एकच दिवस असेल तर दहा ठिकाणं करू नकोस, हे गाव कर. आणि फोटोआधी विचार,’ भावाची सूचना. मी ‘किया ओरा’ म्हणायची प्रॅक्टिससुद्धा सुरू केली होती!

मग विमानाच्या तिकिटाचा आकडा पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

‘कायले जातं व एवढ्या दूर?’ अकोल्याची मैत्रीण फोनवर म्हणाली. ‘गरम पाणी आपल्या सालबर्डीलेही हाय!’ ती बँकेत आहे, माहेर मोर्शीकडचं, घरची संत्र्याची बाग. शनिवारी सकाळी ती अमरावतीत हजर. 2022च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस रेकॉर्ड झाला, तो हाच अकोला-अमरावती रस्ता. हे ती दर खेपेला ऐकवते.

अमरावतीहून मोर्शी, तिथून उत्तरेला सालबर्डी. एसटीनं मोर्शीपर्यंत आरामात जाता येतं, पण पुढच्या टप्प्यासाठी स्वतःची गाडी असली तर बरं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, समोर सातपुडा. गाव निम्मं महाराष्ट्रात, निम्मं मध्य प्रदेशात. मोबाइल गोंधळतो, आपण गोंधळायचं नाही. पावसाळ्यात नदीशी खेळ नको, हिवाळाच उत्तम.

इथं गरम आणि थंड असे दोन्ही झरे आहेत. रोटोरुआसारखा ज्वालामुखीचा खेळ मात्र नाही. पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगड फॉल्ट आहे, म्हणजे भेगांना तोटा नाही. शिवाय याच परिसरात डायनासोरचं हाड सापडल्याचं अमरावती विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. डायनासोर, मोर्शी तालुक्यात! शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात बरे मार्क पडले असते.

कुंडापाशी पोचले आणि कॅमेरा काढून सरळ पुढे घुसले. पायात सँडल तशाच.

‘फोटू बाद में, पहले चप्पल उतारो बेटी.’

पायरीवर एक म्हातारबाबा बसले होते. बैतुलकडचे, गोंड. मी ओशाळले. दोन आठवडे माओरींच्या रीतीभाती पाठ केल्या, आणि घरापासून दोन तासांवर आल्यावर विचारायचं सुचलंच नाही! ‘जय सेवा’ म्हणाले, तेव्हा बाबा हसले. मग त्यांनीच डोंगरातल्या गुहेतल्या महादेवाची वाट दाखवली. महाशिवरात्रीला लोक कुठून कुठून चालत येतात, लहानपणी ते स्वतः कुणाच्या खांद्यावर बसून आले, सगळं सांगितलं. सालबर्डीला यायचं तर कुंडाइतकाच वेळ अशा माणसासाठी ठेवा. गर्दीची सवय असेल तर यात्रेतच या. निवांत पाय बुडवायचे असतील तर एखादा साधा मंगळवार-बुधवार बघा, बॉसला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

पाणी उकळतं वगैरे नाही हं. हिवाळ्यात अंघोळीला घेतो तेवढं ऊन. पाय बुडवून अर्धा तास बसलो, शेजारी शॅम्पूच्या रिकाम्या पुड्या तरंगत होत्या. त्या आम्ही गोळा केल्या. थोड्याच होत्या, पण आमच्यासारख्यांनीच टाकलेल्या.

परतताना मैत्रिणीच्या घरी थांबलो. काकांनी पाणी पुढे करत पहिलाच प्रश्न विचारला, ‘कुंडात पाणी होतं ना व माय?’ मला गंमत वाटली. नंतर कळलं, बागेतल्या दोन बोअर कोरड्या गेल्यात, तिसरी किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. वरूड-मोर्शी हा पट्टा ‘ड्राय झोन’ म्हणून का ओळखला जातो, ते त्या अंगणात बसल्यावर समजतं.

मी माझं ताजं ज्ञान पाजळलं. रोटोरुआतही लोकांनी घरं-हॉटेलं गरम ठेवायला इतक्या बोअर मारल्या की गिझर आणि झरे मंदावले. मग 1986 पासून पोहुतूच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर सरकारनं बंद करायला लावल्या, आणि झरे हळूहळू सावरले.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

‘अन् त्यायच्या बागा होत्या काय तिथं?’