पलीकडच्या टोकाला अण्णा

अण्णांनी मला शिकवलं बरंच, पण त्यांचं माझ्यावर खरं देणं आहे ते झोपेचं. १९९८-९९च्या हिवाळ्यात माझ्या कामापायी त्यांनी ज्या रात्री जागून काढल्या, त्या त्यांच्या कंपनीच्या हजेरीपटावर कुठेच लागल्या नाहीत. मला निदान माझ्या मालकाकडून ओव्हरटाइम मिळत होता, वर रिक्षाचं भाडं. अण्णांना सकाळी नऊला पुन्हा कामावर यावं लागायचं.

वाघोली तेव्हा ग्रामपंचायत होती. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालं की खराडी मागे टाकून शेतं लागायची, मग दगडखाणी आणि खडी क्रशर. वाघेश्वराचं देऊळ, तळं आणि पिलाजी जाधवरावांची समाधी एवढं दाखवलं की पाहुण्याला गाव दाखवून झालं असं समजत. केसनंद फाट्याच्या पुढे सुट्या भागांचं वितरण करणाऱ्या एका कंपनीचं मोठं गोदाम होतं आणि त्याच्या पोटमाळ्यावर अण्णांची मशीन रूम. खाणीत सुरुंग उडाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. क्रशरची पांढरी धूळ कुठून आत शिरायची ते कळत नसे. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि हा नियम अण्णांनी एकदा पाहणीला आलेल्या साहेबालाही लावला होता.

त्या खोलीत एएस/४०० होतं. आयबीएमनं जून १९८८मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरहून बाजारात आणलेलं हे मशीन पीसीपेक्षा कितीतरी दांडगं आणि मेनफ्रेमपेक्षा लहान, म्हणून त्याला मिडरेंज म्हणत. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचं नाव नाही. कंपनीचा सगळा साठा, ऑर्डरी, बिलं त्याच्या पोटात. पण ऑर्डर घेणाऱ्या मुलामुलींच्या टेबलांवर एव्हाना विंडोजचे पीसी आले होते. या दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये एक गेटवे लागे. आमच्याकडे तो मायक्रोसॉफ्टचा एसएनए सर्व्हर होता, विंडोज एनटीवर चालणारा. एसएनए ही आयबीएमची १९७४पासूनची जाळं विणायची पद्धत, तिच्यावरून त्याचं नाव.

अडचण साधी होती. गेटवे आणि एएस/४००मध्ये एकच जोडणी होती. संध्याकाळी डिस्पॅचच्या मोठ्या फाइली त्यावरून जायला लागल्या की ऑर्डर भरणाऱ्यांचे पडदे थिजायचे. ती जोडणी पडली तर सगळंच पडायचं. म्हणून फाइलींना वेगळी जोडणी, माणसांना वेगळी आणि एक राखीव, असं ठरलं. ते करून द्यायला व्हेंडरकडून मला पाठवलं.

आता एकाच नेटवर्क कार्डातून त्याच मशीनकडे दुसरी जोडणी न्यायची, तर मशीननं त्या दोन ओळखायच्या कशा? कार्डाचा पत्ता तर दोन्हींचा एकच. त्यासाठी पत्त्याच्या जोडीला सॅप नावाचा एक आकडा असतो. दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही टोकांचे सॅप मिळून एक जोडणी होते. रिवाज ०४चा. तो दोन्हीकडे एकदा वापरला की दुसरीसाठी आपल्या बाजूला ०८ घ्यायचा, तिसरीसाठी ०सी, अशा चाराच्या पटीत. शिवाय प्रत्येक जोडणीवर आपल्या गेटवेनं सांगायचं नाव निराळं ठेवायचं. हे सगळं मी माउसनं करू शकत होतो. पण तेवढ्यानं काहीही होत नाही. पलीकडे एएस/४००वर लाइन, तिच्याखाली कंट्रोलर, त्याच्याखाली डिव्हाइस अशी उतरंड असते. माझ्या प्रत्येक जोडणीसाठी तिथे एक कंट्रोलर तयार करून त्यात माझा पत्ता, माझा सॅप, मी सांगणार असलेलं नाव असं सगळं जसंच्या तसं भरावं लागतं. कामाचा निम्मा भाग माझ्याकडे आणि निम्मा अण्णांच्या बोटांत.

त्यांच्या मशीनचा सर्वाधिकारी पासवर्ड त्यांनी मला कधी दिला नाही. दिला असता तर मी एकट्यानंच रात्री बसलो असतो आणि ते घरी झोपले असते. मी एकदा तसं सुचवलंही. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "अरे, उद्या काही बिघडलं तर तुझ्यावर येईल. पासवर्ड माझा, तर शिव्याही मलाच बसू देत." दिवसा लाइन बंद करता येत नसे. रात्रीची बिलं निघून टेपवर बॅकअप झाला की आमचं काम सुरू व्हायचं.

आपल्याकडे अशा कामात एक वाक्य फार ऐकू येतं: "आमच्या बाजूनं सगळं ओके आहे." व्हेंडर ते क्लायंटला ऐकवतो, क्लायंट टेलिफोनवाल्याला. नंतरच्या नोकऱ्यांत मी ते इतक्यांदा ऐकलं की पुढचं वाक्य काय येणार तेही पाठ झालं. अण्णांच्या तोंडून ते कधी आलं नाही. कंट्रोलर 'व्हेरी ऑन पेंडिंग'वर अडकून बसला की ते आधी स्वतःचा पडदा वरपासून वाचायचे, मोठ्यानं, एकेक ओळ. मग म्हणायचे, "आता तू तुझं वाच."

पहिल्यांदा असं अडकलं तेव्हाचं मला नीट आठवतं. एएस/४०० टोकन रिंगवर होतं, माझा सर्व्हर इथरनेटवर, मध्ये दोन्हींना जोडणारा ब्रिज. पत्ते कागदाबरहुकूम बरोबर होते, तरी दोघं एकमेकांना दिसत नव्हती. अण्णांनी पेन्सिल घेतली. टोकन रिंगवर बाइटमधला मोठा बिट आधी धावतो, इथरनेटवर धाकटा, त्यामुळे ब्रिजच्या अल्याडचा पत्ता पल्याड गेला की त्यातला प्रत्येक बाइट उलटा वाचावा लागतो. त्यांनी आठ-आठ शून्यं-एकं मांडून उलटायला सुरुवात केली. ४०चे झाले ०२. १०चे ०८. आयबीएमच्या कार्डांचा पत्ता रिंगवर १०-००-५ए असा सुरू व्हायचा, तोच इकडे ०८-००-५ए. "हा ५ए तेवढा सज्जन," अण्णा म्हणाले, "दोन्हीकडून सारखाच दिसतो." माझ्या पत्त्याचे बारा आकडे त्यांनी त्यांच्यासाठी उलटवले, त्यांच्या पत्त्याचे माझ्यासाठी. कंट्रोलर 'ॲक्टिव्ह' झाला तेव्हा बाहेर नगर रस्त्यावर ट्रकांची रांग लागायला सुरुवात झाली होती.

एएस/४००ला सांगून ठेवलं तर ओळखीचा सिग्नल आल्यावर ते कंट्रोलर आपोआप तयार करतं. फार सोयीचं असतं ते. अण्णांनी ती सोय बंद ठेवली होती. त्यांचं म्हणणं, आपोआप आलेल्या गोष्टींना आपोआप नावं मिळतात, आणि ती रात्री दोनला फोनवर कुणाला वाचता येत नाहीत. म्हणून आमच्या तीन जोडण्यांची नावं त्यांनी ठेवली भीमा, भामा आणि नीरा. हेतू चोख होता. जोडणी पडली की ऑपरेटरच्या संदेशरांगेत तिचं नाव येतं. रात्रपाळीच्या वॉचमनला इंग्रजी संदेश कळायचा नाही, पण "अण्णा, भामा गेली" एवढं तो फोनवर सांगू शकत होता. ते ऐकून अण्णा अंथरुणातूनच सांगायचे की थांबता येईल की नाही. बहुतेकदा थांबता यायचं नाही. मग स्कूटर काढून ते येत. त्यांचं घर गावात तळ्याच्या अंगाला होतं, हे कंपनीच्या दृष्टीनं फारच सोयीचं पडलं.

त्यांच्या या वृत्तीचं मूळ मला वाटतं जुन्या दिवसांत होतं. त्यांनी नोकरी सुरू केली ती पंचकार्डांवर. १९७८मध्ये आयबीएमनं भारत सोडला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीकडे गेली, तेव्हा ते पंचविशीत होते. सुटा भाग मागवला तर कधी येईल याचा नेम नाही, अशा काळात यंत्र चालू ठेवायचं म्हणजे ते आधी समजून घ्यायचं. १९९२मध्ये टाटांच्या भागीदारीत आयबीएम परत आली, तोवर त्यांचे केस पिकले होते. रविवारी ते भारतीय जैन संघटनेच्या संकुलातल्या मुलांना गणित शिकवायला जात. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात निराधार झालेली मुलं संघटनेनं पुण्याला आणली होती. तिथे ते काय शिकवायचे ते मी पाहिलं नाही. पण बिट उलटवण्याची ती पेन्सिल मुलांच्या हाती गेलीच असणार.

या सगळ्यात काकूंचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, वाटा होता आणि तो मी बराच काळ मोजलाच नव्हता. अण्णा रात्री थांबणार म्हटलं की त्यांच्यासोबत दोन डबे येत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं, गुरुवारी उपास म्हणून अण्णांपुरती साबुदाण्याची खिचडी. माझा उपास नव्हता, तरी गुरुवारीही माझा वेगळा डबा यायचाच. एक डबा माझ्या बॅगेत राहून गेला. तो मी धुऊन ठेवला आणि मग परत द्यायचं लांबत गेलं, कारण आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत आणि भाड्याच्या खोलीत राहणारा मी तो भरणार कशानं?

३१ डिसेंबर १९९९ची रात्र आम्ही तिथेच काढली, सगळ्या जगासारखी, तारखेत २००० साल लागलं की कॉम्प्युटर गडबडतात का याची वाट बघत. काही झालं नाही. अण्णा थोडे नाराज दिसले.

पुढे सगळं टीसीपी/आयपीवर गेलं. भीमा, भामा, नीरा एकाच दुपारी काढून टाकल्या, त्या मी नाही, दुसऱ्या कुणी. सॅपचे आकडे आणि उलटे बाइट आता विचारतो कोण? त्या मशीनचं नावही बदलत गेलं: २०००मध्ये आयसिरीज, २००६मध्ये सिस्टम आय. २००८पासून नुसतं आयबीएम आय म्हणतात, पण ते वापरणारे अजून तोंडानं एएस/४००च म्हणतात. अण्णा निवृत्त झाल्यावरही काही वर्षं कंपनीतून रात्री त्यांच्या घरी फोन यायचे, कारण कन्सोलच्या बाजूला त्यांचा नंबर चिकटवलेला होता आणि तो काढायची कुणाची छाती होत नव्हती. ते फोनवरूनच सांगायचे. पैसे मागितले नाहीत, कुणी देऊ केल्याचंही ऐकलं नाही. मला या गोष्टीचा राग येतो. अण्णांना यायचा नाही.

२०२१मध्ये वाघोली महापालिकेत गेली. मी त्यानंतर एकदा त्यांच्याकडे गेलो, तर खाणींच्या बाजूला सोसायट्यांचे मनोरे आणि फाट्यावर पाण्याच्या टँकरांची गर्दी. अण्णा घरी होते, तब्येतीनं बरे. मी मनाशी ठरवलं होतं तसं बोलायला सुरुवात केली, की तुमच्या जागरणांचं माझ्यावर फार देणं आहे, मला तेव्हा बोलता आलं नाही वगैरे. अण्णांनी हात हलवून विषय मोडला आणि विचारलं, "तुमच्याकडे पाणी येतं का रोज?"

काकूंनी मात्र मोडू दिला नाही. "ह्यांच्या जागरणांचं राहू द्या, ह्यांना तशीही झोप येत नाही. माझ्या डब्याचं काय?"

"आहे काकू, जपून ठेवलाय. रिकामा कसा द्यायचा म्हणून..."

"मग भरून आणायचा की! एवढी वर्षं काय करत होता?"

त्या दिवाळीत बायकोनं तो चकल्यांनी भरून दिला आणि मी तो घेऊन गेलो. काकूंनी माझ्यासमोर झाकण उघडलं, एक चकली मोडली, चावून पाहिली आणि म्हणाल्या, "मोहन कमी पडलंय. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी करायच्या आधी फोन कर."