भांड्यांचें कपाट

सोनें कसोटीवर घासून घ्यावें, घोडा पळवून घ्यावा आणि हेडफोन डोक्यावर चढवून घ्यावा, असें सुभाषित कोणी तरी आतां रचावयास हवें. घोडा घेण्याचा प्रसंग आम्हांवर कधीं आला नाहीं, सोनें घेण्याचा फारसा आला नाहीं. परंतु हेडफोन घेण्याचा मात्र गेल्या वर्षीं आला, आणि वाचकांस खोटें वाटेल, पण त्यानें आमच्या एका जुन्या समजुतीस चांगलाच हादरा दिला.

आमचे चिरंजीव रॉक व मेटल या संगीताचे निस्सीम भक्त. आमचा कान ख्याल-ठुमरीवर वाढलेला. त्यांच्या खोलींतून येणारा नाद ऐकून भांड्यांचें कपाट जिन्यावरून गडगडत येत आहे, असाच भास आम्हांस होई. पुढें त्यांनीं कानांवर एक स्वस्त यंत्र चढविलें. गडगडाट थांबला, पण त्याबरोबर चिरंजीवही घरांतून नाहींसे झाले. जेवावयास तीन हाका माराव्या, चौथ्या वेळीं दार ठोठवावें, असा नित्यक्रम सुरू झाला. अशा स्थितींत पदवी परीक्षेच्या बक्षिसाबद्दल आम्हीं विचारतांच ते म्हणाले, "बाबा, एक उत्तम हेडफोन घेऊन द्या." ज्या वस्तूनें मुलगा नेला, तिचीच उंची आवृत्ति आपल्या पैशानें घरीं आणावयाची! पण शब्द गेला होता.

दुकानांत विक्रेत्यानें प्रथम एका गायिकेचें संथ गीत ऐकविलें. आम्हांस प्रत्येक हेडफोन सारखाच गोड वाटला. चिरंजीव हसले. "एक गळा आणि एक गिटार असली म्हणजे कोणताही हेडफोन शहाणा ठरतो, बाबा. गर्दींत कोण टिकतो तें पाहावयाचें असतें." असें म्हणून त्यांनीं 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीची १९७० सालची पहिली तबकडी लावली. प्रथम पाऊस, मग घंटा, आणि मग गिटारचा तो भयंकर आघात! वाजविणारे टोनी आयोमी हे बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यांतले कामगार. यंत्रांत सांपडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं, तेव्हां बोटांस टोपणें बसवून ते वाजवूं लागले, आणि पुढें तारा सैल करून त्यांनीं स्वर आणखी खालीं उतरविला, ही हकीकत चिरंजीवांनीं सांगितली. ज्यास आम्ही माज समजत होतों, त्याच्या मुळाशीं एक जखम होती.

मग त्यांनीं आम्हांस शास्त्रही शिकविलें. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ८२ कंपनें करते, बास गिटारची ४१. त्यांत गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असल्यामुळें त्याचे उपस्वर वरपर्यंत पसरतात आणि गळ्याच्या व झांजांच्या जागेवर अतिक्रमण करतात. म्हणून या संगीतास असा हेडफोन हवा, कीं ज्यांत ढोलाच्या ठोक्यास ठोका चिकटूं नये आणि झांज सुईप्रमाणें टोचूं नये. ब्रुकलिनच्या ग्रॅडोचा हेडफोन गिटारला पुढें आणून बसवितो, पण खर्जांत हात आंखडतो. सेनहायझरचा २००३ सालीं निघालेला एचडी ६५० सौम्य व समतोल; मात्र त्याचा विद्युत्‌रोध ३०० ओहम असल्यामुळें त्यास चांगला अँप्लिफायर हवा; म्हणजे हत्तीबरोबर माहुतासही पोसणें आलें. ऑडेझीच्या एलसीडी-२ चा खर्ज अगदीं तळाला पोंचतो, पण वजन अर्ध्या किलोहून अधिक. आमच्या मानेनें पांच मिनिटांत राजीनामा दिला. शिवाय पैशानें सर्व साधतें असेंही नाहीं. मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' मध्यें बास गिटार मुद्रणांतच दाबून टाकलेली आहे. ती कोणताही हेडफोन उकरून काढूं शकत नाहीं. उत्तम आरसा चेहरा बदलीत नाहीं.

शेवटचा प्रश्न, पाठीमागून बंद असलेला हेडफोन घ्यावा कीं उघडा? उघड्यांतून नाद बाहेर झिरपतो. घराच्या शांततेसाठीं आमचें मत अर्थातच बंदास. तो आम्हीं डोक्यावर चढविला, गाणें सुरू झालें, आणि समोर उभे असलेल्या चिरंजीवांचे ओंठ हलूं लागले. शब्द एकही पोंचेना. ते आम्हांस हाक मारीत होते, एवढें ओंठांवरून कळलें. एकदां नव्हे, तीन वेळां.

त्या क्षणीं घरांतल्या त्या तीन हाका आम्हांस आठवल्या. हाक ऐकून गप्प बसणारा मुलगा निराळा आणि ज्यास हाक ऐकूंच येत नाहीं तो निराळा, हें आम्हीं कधीं लक्षांतच घेतलें नव्हतें.

उघडा एचडी ६५० आणि त्याचा माहूत घेऊन आम्ही घरीं आलों. अट एकच घातली: आवाज बेताचा ठेवावा. आठवड्यांत ४० तास ऐकावयाचें तर सरासरी ८० डेसिबलच्या वर जाऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि कान कांहीं दुसऱ्यांदा विकत मिळत नाहींत.

आतां खोलींतून बारीक चुरचुर ऐकूं येते, आणि पहिल्या हाकेस "आलों, बाबा" असें उत्तरही येतें. क्वचित् रात्रीं चिरंजीव हेडफोन आमच्या डोक्यावर ठेवून शेजारीं बसतात. भांड्यांचें कपाट अजूनही जिन्यावरून कोसळतेंच. परंतु कोणतें भांडें केव्हां पडलें, हें आतां आम्हांस सांगतां येतें.