माडीवरची शाळा

इंग्लंडमध्ये एव्हन नदीच्या काठी स्ट्रॅटफर्ड नावाचे गाव आहे. तेथील गिल्डहॉल ही इमारत पंधराव्या शतकाच्या आरंभीची. तिच्या माडीवर, जाड लाकडी तुळयांच्या छपराखाली, सोळाव्या शतकात मुलांची एक व्याकरणशाळा भरत असे. 1553 साली सहावा एडवर्ड या राजाच्या सनदेने तिची नव्याने स्थापना झाली. गावातील मुलांना तेथे फी पडत नसे. मुले सकाळी घरून येत आणि सायंकाळी घरी परतत. विल्यम शेक्सपिअर याच शाळेत शिकला, असे अभ्यासक मानतात. त्या काळचे हजेरीपुस्तक उरलेले नाही, हे खरे. परंतु त्याचे वडील जॉन हे 1568 साली गावचे बेलिफ, म्हणजे जवळजवळ नगराध्यक्षच, होते आणि त्यांचे घर शाळेपासून चालत काही मिनिटांवर होते. अशा गृहस्थाचा मुलगा आणखी कोठे शिकायला जाणार?

अशा शाळांचा दिवस फार मोठा असे. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला शाळा भरे. अकराच्या सुमारास मुले जेवायला घरी जात, एक वाजता परतत आणि पाचपर्यंत पुन्हा बाकावर बसत. आठवड्यातील सहा दिवस हाच क्रम. इंग्लंडच्या हिवाळ्यात सकाळी सातला उजाडलेलेही नसते. पुढे शेक्सपिअरने माणसाच्या आयुष्याच्या सात अवस्था एका नाटकात वर्णन केल्या. त्यांतला शाळकरी मुलगा कुरकुरत, पाय ओढीत शाळेला निघालेला आहे. त्यात नवल ते काय!

सात वर्षांचा मुलगा शाळेत येई तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येणे अपेक्षित असे. ती अक्षरओळख आधी धाकट्या मुलांच्या शाळेत होई. लाकडी फळीवर मुळाक्षरांचा कागद चिकटवून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. आपल्याकडची मुले धूळपाटीवर बोट फिरवीत, तशी तिकडची मुले या शिंगपाटीवरून अक्षरे वाचीत. व्याकरणशाळेत मात्र इंग्रजीचे स्थान गौण होते. व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण. विल्यम लिली याच्या नावाने ओळखले जाणारे एकच व्याकरण राजाज्ञेने देशभर लावलेले होते आणि ते पाठ केल्यावाचून सुटका नसे. संस्कृत शिकणारा मुलगा जसा ‘रामः रामौ रामाः’ घोकतो, तशीच ही मुले लॅटिन नामांची रूपे घोकीत. वरच्या वर्गांत तर आपसातले बोलणेही लॅटिनमध्येच व्हावे, असा दंडक असे. चुकणाऱ्याला छडी ठरलेली.

एवढ्यावरून ही शाळा म्हणजे नुसती घोकंपट्टी, असे वाटेल. तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रॉजर अ‍ॅशम याच्या 1570 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्कूलमास्टर’ या ग्रंथात दुहेरी भाषांतराची पद्धत सांगितली आहे. मुलाने लॅटिन उतारा इंग्रजीत आणावा. मग मूळ पुस्तक मिटून आपल्याच इंग्रजीवरून तो पुन्हा लॅटिनमध्ये लिहावा आणि शेवटी मुळाशी ताडून पाहावा. आपला शब्द कोठे तोकडा पडला, हे मुलाला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसे. इरॅस्मस या विद्वानाने तर ‘तुझ्या पत्राने मला आनंद झाला’ एवढी साधी गोष्ट शंभराहून अधिक तऱ्हांनी लिहून दाखवली होती आणि त्याचे ते पुस्तक शाळांतून वापरले जाई. एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी बोलणे, संकटात सापडलेल्या राणीच्या तोंडी शोभेल असे भाषण रचणे, हेही पाठ असत. दुसऱ्याच्या जागी उभे राहून बोलण्याची अशी सवय लागलेला एखादा मुलगा पुढे नाटककार झाला, तर त्याची बीजे या बाकांवर शोधायला हरकत नाही.

शेक्सपिअरने शाळेची थट्टाही केली आहे. ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकात एक पाद्री विल्यम नावाच्या मुलाची लॅटिनची उजळणी घेतो. शेजारी उभ्या असलेल्या अडाणी बाईला त्या परक्या शब्दांत भलतेच, अश्लील काहीतरी ऐकू येते आणि ती मास्तरांवरच तोंड टाकते. मुलाचे नाव विल्यमच असावे, हे सहज घडले असेल का?

विद्यापीठात मात्र शेक्सपिअर कधी गेला नाही. तो ऐन वयात येत असताना वडिलांची आर्थिक घडी विस्कटली होती. लंडनमधील पदवीधर लेखकांना हा बिनपदवीचा नट खुपत असे आणि 1592 साली त्यांच्यातल्या एकाच्या नावाने ती मळमळ छापूनही आली. त्याच्या नाटकांना पदवी नव्हती म्हणून काही अडले नाही. 1883 साली गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ या नावाने आणले, ते याच माणसाचे.

ती शाळा आजही आहे. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये व्याकरणशाळेतील प्रवेश अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या एका परीक्षेवर ठरू लागला. चार-पाच मुलांतून एखाद्याला जागा मिळे. उरलेल्यांची रवानगी दुसऱ्या शाळांत होई आणि आपण नापास झालो, हा सल कित्येकांना जन्मभर पुरे. अकराव्या वर्षी कोणाची बुद्धी मोजून संपते? 1965 नंतर सरकारने या शाळा सर्वांसाठी खुल्या शाळांत विलीन करण्याचे धोरण धरले आणि 1998 च्या कायद्याने नव्या व्याकरणशाळा काढण्यास बंदी आली. तरीही इंग्लंडमध्ये अशा 163 सरकारी शाळा टिकून आहेत. स्ट्रॅटफर्डची शाळा त्यांतलीच एक. तेथे सोळा वर्षांपुढील वर्गांत मुलींना प्रवेश मिळाला, तो 2013 साली.

शेक्सपिअरच्या काळी मुलींना हा जिना बंदच होता. त्याला 1585 साली जुळी मुले झाली: हॅम्नेट आणि ज्युडिथ. हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला. तोवर तो बहुधा बापाच्याच शाळेत जात असावा. ज्युडिथ मोठी झाली. 1611 साली गावातल्या एका खरेदीखतावर तिची साक्ष घेण्यात आली. तिचा बाप तेव्हा हयात होता, त्याची नाटके लंडनमध्ये गाजत होती. त्या कागदावर ज्युडिथची सही नाही. तिच्या नावाजवळ तिने केलेली नुसती खूण आहे.