डायनासोरच्या गावाला, व्हाया उमरेड!

डायनासोर म्हटलं की काय आठवतं? स्पीलबर्ग, पॉपकॉर्न आणि ग्लासातल्या पाण्यावर उठणारे ते तरंग. फार तर नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात शाळेच्या सहलीला पाहिलेले पुतळे. पण मंडळी, आपल्या विदर्भातच, कापूस-हरभऱ्याच्या वावरात, डायनासोर पायाखाली येतात. म्हणजे... खरं सांगायचं तर डायनासोरची शी! हसू नका. याच शीनं २००५ साली जगभरच्या शास्त्रज्ञांना आपली पुस्तकं दुरुस्त करायला लावली. आणि तिचं नातं थेट आमच्या भंडाऱ्याच्या भाताशी आहे.

तर डिसेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही भंडाऱ्याहून गाडी काढली. आई, बाबा, ताई, तिची नऊ वर्षांची लेक आणि स्टिअरिंगवर मी. डेस्टिनेशन : चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळचं पिजदुरा. शास्त्रज्ञांच्या लेखांमध्ये हेच गाव ‘पिसदुरा’ म्हणून भेटतं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत. पण वाटेत जो काळ लागतो, तो कोटींमध्ये मोजायचा!

भाचीचा पहिला प्रश्न गाव सुटायच्या आतच आला, ‘‘आपल्या भंडाऱ्यात का नाहीत डायनासोर?’’ प्रश्न एकदम करेक्ट. उत्तर असं की आपला बराचसा खडक फारच म्हातारा आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला ज्यातून मँगनीज निघतं, तो खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. तेव्हा जमिनीवर चालणारं कुणी जन्मालाच आलं नव्हतं.

पहिला हॉल्ट पवनी. वैनगंगेकाठचं हे गाव देवळांसाठी प्रसिद्ध, पण १९६९-७० मध्ये इथं जमिनीखालून प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं मिळून उत्खनन केलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हटल्यावर आईनं लगेच हात जोडले. पुढे भिवापूरची मिरची (आईची खरेदी, अर्धा तास!) आणि मग उमरेड. इथं तर्री पोहे मस्ट. आणि इथल्या खाणीतला कोळसा? तो डायनासोर यायच्याही आधीच्या जंगलांचा. म्हणजे पोह्यांच्या प्लेटपर्यंत आम्ही शंभर कोटींवरून पंचवीस-तीस कोटींवर आलो होतो. अ‍ॅव्हरेज वाईट नाही!

उमरेडनंतर माती बदलत जाते. काळी कसदार जमीन सुरू झाली की समजायचं, लाव्हाच्या, म्हणजे बेसाल्टच्या राज्यात आलो. वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. सगळ्या धर्मांची माणसं इथं येतात. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात आणि त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा नारळांसकट सगळा माल दगड होऊन गेला! भूगर्भशास्त्र म्हणतं, हे झिओलाइट. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यात खनिजं साचली, नंतर भोवतालचा खडक झिजला आणि आतले गोळे मोकळे झाले. भाचीनं दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि नारळवाली पसंत केली. फळांसारखे दिसणारे दगड म्हणजे फळं नव्हेत, एवढं मात्र तिला पटलं. पिजदुऱ्यात नेमकं उलटं होतं. तिथं दगडासारखं दिसणारं खरोखरच कुणाच्या तरी पोटातून आलेलं असतं.

जाम, मग वरोरा आणि तिथून आत पिजदुरा. डायनासोरची कमान, सेल्फी पॉइंट, तिकीट खिडकी? आम्हाला साधी पाटीसुद्धा दिसली नाही. वावराच्या धुऱ्यावर बसलेल्या एका काकांनी मात्र गाडी बघूनच ओळखलं.

‘‘शेनाचे गोटे पाहाले आले न?’’

‘‘हो भाऊ. वावरात पाय ठेवू का?’’ बाबांनी आधी विचारलं.

‘‘पाहा न. नांगराले लागतेत ते. पन पिकात नका जाऊ.’’

मातीत करड्या-तपकिरी रंगाचे गोळे पडलेले. काही लिंबाएवढे, काही मुठीएवढे, काहींवर चक्क वळ्या. वास? शून्य. वजन? दगडाचंच. यांना म्हणायचं कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा. वय सात कोटी वर्षांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी (हो, हिस्लॉप कॉलेजवाले!) इथल्या जीवाश्मांची नोंद केली. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी फक्त या गोळ्यांवर शोधनिबंध लिहिला. इथं टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची हाडंही मिळालीत, त्यामुळे मोठे गोळे बहुधा त्यांचेच.

आता भाताकडे येऊ. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, तसंच कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात फायटोलिथ सापडले. वनस्पतीच्या पेशीत सिलिका साचून तयार होणारे हे सूक्ष्म कण. पान कुजलं तरी ते टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला : या शीत किमान पाच प्रकारची गवतं आहेत! तोवरचा समज असा की गवतांना असे फाटे फुटले ते डायनासोर संपल्यावर. मुख्य जेवण ताड-सूचिपर्णींसारख्या वनस्पतींचंच होतं, गवत तोंडी लावण्यापुरतं. पण होतं! २०११ मध्ये याच परिसरातल्या नमुन्यांमधून थेट भाताच्या कुळातल्या गवतांची ओळख पटली.

हे मी मोबाइलवरून वाचून दाखवत होतो तेव्हा बाबा गप्प होते. नोकरी सांभाळून त्यांनी तीस वर्षं तीन एकरांत धान केला. मग भाचीला म्हणाले, ‘‘धानाच्या बांधीत गेलं की पान हाताला चरचरतं न? ती तीच सिलिका. धानाच्या तुसात पण तीच.’’ जे वाक्य समजायला मला दोन लेख वाचावे लागले, ते त्यांच्या हातांना आधीच ठाऊक होतं.

भाचीनं एक गोळा खिशात टाकला होता. बाबांनी तो परत ठेवायला लावला. ती रुसली, ‘‘इतके तर आहेत!’’ इथेच खरी गोम आहे. इतके आहेत म्हणून प्रत्येकजण एक नेतो. कुठल्या वावरातला हे कळत असेल तर हा गोळा म्हणजे पुरावा. शोकेसमध्ये गेला की नुसता दगड. पुढच्या वंदना प्रसादांना कुठला गोळा लागेल, हे आज कोण सांगणार?

वरोऱ्याजवळच्याच डोंगरगावच्या टेकडीत १९८०च्या दशकात टायटॅनोसॉरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये सोहन जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं आणि २००३ मध्ये नाव पडलं ‘आयसिसॉरस’. आयएसआय, म्हणजे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून. हाडं तिथं नीट जपली गेली, हे चांगलंच. पण गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोलीला २०१९ पासून डायनासोर म्युझियम आहे. आमच्या वरोऱ्यातल्या पोरांनी त्यांच्याच टेकडीतला डायनासोर कुठं पाहायचा? गावात एक खोली, चार कपाटं आणि एक पाटी, एवढ्यानंही सुरुवात होईल.

जाता जाता...

कधी जाल? दिवाळी ते फेब्रुवारी. मे महिन्यातला विदर्भ डायनासोरलाही झेपला नसता.

कसे जाल? भंडारा-पवनी-भिवापूर-उमरेड-गिरड-जाम-वरोरा. नागपूरकरांनी सरळ जाम गाठावं. वरोऱ्यात बाबा आमटेंचं आनंदवन आहे, ते चुकवू नका.

काय न्याल? पाणी, टोपी, भिंग आणि एखादा प्रश्न विचारणारं पोरगं.

काय आणाल? फोटो आणि भिवापुरी मिरची. वावरात शिरण्याआधी मालकाला विचारा आणि गोळा जिथला तिथं ठेवा. सात कोटी वर्षं टिकलाय तो, आपल्या वीकेंडनं संपायला नको.