‘सोडून देणे’ आणि ‘गिव्ह अप’

इंग्रजी ही आम्हा मराठीच्या प्राध्यापकांच्या वाट्याला उशिरा आलेली भाषा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. आमच्या पिढीने तिची मुळाक्षरे पाचवीत गिरवली. त्यातही जळगाव-धुळ्याकडच्या आमच्यापैकी अनेकांच्या घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी. म्हणजे इंग्रजी क्रमाने तिसरी. चर्चासत्रांतून ‘मराठीवाले’ म्हणून होणारी सौम्य कुचेष्टा आम्हांला परिचयाची आहे. प्रश्न असा, की जिथे आपण अडखळतो तिथे अज्ञान असते की दुसरे एखादे व्याकरण?

‘आय ॲम नोइंग’ या प्रयोगाला सारे हसतात. परंतु ‘मला माहीत आहे’ या वाक्यातला ‘आहे’ सोडवत नाही, म्हणून तो ‘ॲम’ होऊन येतो. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत. तरी ‘अंगणात कुत्रा आला’ आणि ‘कुत्रा अंगणात आला’ यांतला भेद कोणत्याही मराठी मुलाला कळतो. पहिला कुत्रा कोणताही, दुसरा ओळखीचा. इंग्रजी जे उपपदाने साधते, ते मराठी शब्दक्रमाने साधते, इतकेच.

‘गिव्ह अप’मध्ये देणेही नाही आणि वरही काही नाही, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार. मग ‘सोडून देणे’ यात आपण कोणाला काय देतो? ‘लिहून टाकले’ म्हणताना काय टाकतो? चहा विचारल्यावर इंग्रज ‘आय ॲम गुड’ म्हणून नकार देतो, याचे आपल्याला नवल वाटते. आपण मात्र ‘येतो’ म्हणून निघून जातो.

वर्गात आम्ही हे असेच शिकवतो. एकदा मराठीतले हे नवल दिसले, की इंग्रजीतले भय निम्मे ओसरते.

मात्र हा न्याय केवळ इंग्रजीपुरता ठेवून चालणार नाही. ‘काय करी ऱ्हायना?’ असे म्हणणारे मूल ‘राहणे’ या क्रियापदाने चालू काळ दाखवत असते. त्याची ती रचना नियमबद्ध आहे. प्रमाण मराठीच्या वर्गात त्याला हसणारा, इंग्रजीच्या वर्गात आपल्याला हसणाऱ्याचाच सोबती होय.

वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरण मांडले. जुन्या भाषेचे नियम त्यांनी तिच्याच रूपांतून शोधले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या रूपांना जो आदर आपण देतो, तो समोरच्या बाकावरच्या अहिराणीला का नसावा? स्वतःच्या बोलीची लाज बाळगून कोणतीही परकी भाषा नीट येत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात पाहत आहोत.