अंधाराची बेगमी

मे महिना उजाडला की आमच्या वसईतल्या वाडीत पावसाळ्याच्या बेगमीला सुरुवात होते. सुके बोंबील पुन्हा एकदा उन्हात घालायचे, मसाला बरण्यांत दाबून भरायचा, सरपण पडवीत आणून रचायचे, कौले परतून घ्यायची. पूर्वी ह्या बेगमीत अंधाराचाही एक वाटा असे. बाबा माळ्यावरून कंदील खाली काढीत, नव्या वाती आणीत, घासलेटचा डबा भरून ठेवीत. चर्चची संध्याकाळची घंटा होण्याआधी कंदिलांच्या काचा राखेने पुसून लख्ख करण्याचे काम आम्हां मुलांकडे असे, आणि लहान हातच काचेत जातो म्हणून त्यातून सुटका नसे. काच पुसताना कोणी कुरकुर केली की बाबा म्हणत, "उजेड दिवसाच करून ठेवायचा असतो. अंधारात हात चाचपडतात." त्या वेळी हे वाक्य आम्हांला काम करवून घेण्याची युक्ती वाटे.

पुढे वाडीत वीज आली. रहाट थांबले, विहिरीवर पंप बसला, आणि केळीच्या बागांना कळ दाबून पाणी मिळू लागले. कंदील माळ्यावर गेले ते तेथेच गंजले. ह्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. धुराने डोळे चोळीत अभ्यास केलेली आमची पिढी कंदिलाचे गोडवे गाणार नाही. मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. विजेबरोबर विहिरीचे पाणीसुद्धा तारेला बांधले गेले होते. वीज गेली की पंप बंद, पंप बंद झाला की टाकी रिकामी. अंधार सोसता येतो, पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात कोरडी टाकी सोसवत नाही.

सन २००५ नंतरची काही वर्षे राज्यात विजेची मोठी तूट होती. भारनियमन हा शब्द तेव्हा लहान मुलांच्याही तोंडी बसला होता. आज सकाळी की दुपारी, किती तास, हे पाहून पीठ दळायचे, कपडे इस्त्री करायचे, टाकी भरून घ्यायची. त्याच काळात आम्ही इन्व्हर्टर घेतला. जिन्याखालच्या कोनाड्यात ती जड बॅटरी बसली, आणि पहिल्यांदा वीज जाऊनही आमचे दिवे चालू राहिले तेव्हा आम्ही सर्वजण उगाचच हसलो. सगळी वाडी काळोखात आणि आमच्या खिडक्या तेवढ्या उजळलेल्या, हे दृश्य आम्ही अंगणात उतरून पाहिले होते. ते पाहताना मनात जे आले त्याला सात्त्विक आनंद म्हणता येणार नाही.

सन २००७ च्या आरंभी शेजारचे काका एका संध्याकाळी कुंपणापाशी आले. त्यांची मुलगी दहावीला होती. "एका बल्बापुरती तार देता का? परीक्षा होईपर्यंतच," ते म्हणाले. आम्ही म्हणालो, बॅटरीला भार झेपणार नाही. ते "बरं, बरं" म्हणून परत गेले.

झेपले नसते का? हिशोब अगदी सोपा आहे. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर वीज. यंत्रातली घट वजा केली आणि बॅटरी पूर्ण रिकामी करू नये हा नियम पाळला, तरी त्यातली निम्म्याहून अधिक हाती लागते. त्या मुलीच्या दिव्याला १५ वॅट लागले असते. दोन तासांचे ३० वॅट-अवर. आमचा दूरचित्रवाणी संच त्याच्या कितीतरी पट वीज त्याच बॅटरीतून खात होता. हा हिशोब तेव्हाही आम्हांला येत होता. ती मुलगी मेणबत्तीवर अभ्यास करून उत्तीर्ण झाली, काकांनी पेढे आणून दिले, आणि तारेचा विषय कोणीच पुन्हा काढला नाही.

पुढे भारनियमन ओसरले. वीज जाणे विरळ झाले, आणि जी गोष्ट विरळ होते तिची तयारी आधी सुटते. बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी चालत नाही, कारण त्यातल्या क्षारांनी आतली शिशाची पत्री बिघडतात. पाणी कमी होऊन ती उघडी पडली की त्यांवर पांढरा थर धरतो आणि बॅटरीची ताकद जाते, ती पुन्हा पाणी घातल्याने परत येत नाही. हे सगळे ठाऊक असून कोनाड्यासमोर आम्ही जुन्या मासिकांचे गठ्ठे रचले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत एकदा वीज गेली तेव्हा पंखा तासाभरातच मंदावला. पाहू केव्हातरी, म्हणून सोडून दिले.

त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांविषयी वेगळे सांगायला नको. आपल्यांपैकी प्रत्येक घराला आपापली आठवण आहे. आमचे बाबा पंधरा दिवस रुग्णालयात काढून घरी आले ते प्राणवायूच्या नळीसह. सिलिंडर मिळणे दुरापास्त होते. हवेतूनच प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, आम्ही भाड्याने आणले. त्याला साडेतीनशे वॅट लागत. वीज गेलीच तर इन्व्हर्टरवर तीन तास निघतील, असा हिशोब आम्ही मांडला. बॅटरीचे झाकण मात्र उघडून पाहिले नाही.

१७ मे २०२१, सोमवार. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रावरून गुजरातकडे सरकत होते. सकाळपासून वीज येत होती, जात होती. दुपारनंतर वाऱ्याने वाडीतली झाडे पिळून काढली. माडाच्या झावळ्या कौलांवर आदळत होत्या, आणि आमच्या दाराजवळचे जुने जांभूळ रस्त्यावरच्या तारा घेऊनच आडवे झाले. संध्याकाळी सातच्या सुमारास वीज गेली ती गेलीच. मोबाइलची रेषाही थोड्या वेळाने नाहीशी झाली. टॉवरच्या बॅटऱ्यांनाही अखेर वीज लागतेच. जुन्या टेलिफोनला घरच्या विजेची गरज नसे, त्याला एक्स्चेंजमधून तारेवाटेच वीज मिळे; पण तो आम्ही वापरात नाही म्हणून केव्हाच परत केला होता.

इन्व्हर्टर चाळीस मिनिटे चालला.

कॉन्सन्ट्रेटर बंद पडताना एक कर्कश, लांबलचक शीळ घालतो. वीज गेल्याचा तो इशारा. रात्रीच्या काळोखात ती शीळ घरभर भरून राहिली. बाबांच्या बोटावरचा आकडा ९३ वर होता तो ९० झाला, मग ८७. डॉक्टरांनी शिकवले होते तसे आम्ही त्यांना पालथे झोपवले, छातीखाली उशी दिली. आकडा थोडा सावरला, पुन्हा घसरला. एकजण टॉर्च घेऊन रस्त्याकडे धावला, तर आडव्या पडलेल्या जांभळात तारा गुंतलेल्या. त्यांत वीज आहे की नाही कोणास ठाऊक. तो मागे फिरला. आईने कपाटातून मंतरलेली मेणबत्ती काढली. २ फेब्रुवारीच्या सणाला आशीर्वादित केलेली ही मेणबत्ती आपल्याकडे वादळात लावतात, आणि मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही लावतात. आईने ती कोणत्या कारणासाठी काढली होती, हे आम्ही तेव्हा विचारले नाही, नंतरही नाही.

तेवढ्यात मागच्या दाराशी हाक आली. शेजारचे काका आणि त्यांची मुलगी, दोघेही भिजून चिंब. मध्ये फुलांच्या टोपल्या न्यायची हातगाडी आणि तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेला सिलिंडर. कुंपणाचा पडलेला भाग ओलांडून ते आले होते. काकू एप्रिलमध्ये गेल्या. त्यांच्यासाठी आणलेला सिलिंडर अर्धा राहिला होता आणि परत करायचे त्राण घरात कोणाला नव्हते. काका एवढेच म्हणाले, "शीळ ऐकली. ती ओळखता येते."

मुलीने पाना मागितला, सिलिंडरच्या तोंडाला रेग्युलेटर बसवला, बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरले. तिला ते सगळे पाठ होते. आईच्या हातात काडेपेटी पाहून ती म्हणाली, "मामी, ह्या खोलीत नको. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. अंथरूणसुद्धा पेट घेईल." मग मेणबत्ती बाहेरच्या खोलीतल्या वेदीवर लागली, दार ओढून घेतले, आणि आतल्या मिट्ट काळोखात आम्ही जपमाळेची प्रार्थना केली. काका उत्तरे देत होते. मुलगी टॉर्चच्या उजेडात काटा पाहून हिशोब करीत होती: भरलेल्या सिलिंडरात सुमारे १५०० लिटर असतात, काटा निम्म्यावर, मिनिटाला दोन लिटर, म्हणजे सहा तास. तिने आकडा ९० च्या वर राहील एवढ्यावर प्रवाह आणून ठेवला, आणि साडेसात तास निघाले.

उजाडताच धर्मग्रामातले तरुण कोयते घेऊन रस्ता मोकळा करू लागले. चर्चच्या सभागृहात जनरेटर होता; फादरांनी तेथे खाट घालायला सांगितले. बाबा दोन रात्री तेथे होते. त्यांच्या शेजारी आणखी दोघांची यंत्रे चालत होती आणि भिंतीशी वाडीतल्या निम्म्या घरांचे मोबाइल चार्जिंगला लागले होते. आमच्या घरी वीज आली ती बुधवारी रात्री. बाबा त्यातून उठले.

त्या दिवसांत एक गोष्ट कानावर पडली ती सांगण्याजोगी आहे. काही घरांत भाड्याचा जनरेटर आणून त्याची तार सरळ भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचली जाते. मुख्य स्विच बंद नसेल किंवा चेंजओव्हर स्विच बसवलेला नसेल, तर ती वीज उलट बाहेरच्या तारांत जाते, आणि खांबावर चढलेला लाइनमन तारा मेल्या आहेत असे समजून हात घालतो. आपल्याच दिव्यांसाठी भर पावसात चढलेला तो माणूस. जनरेटर बंद खोलीत किंवा पडवीतही ठेवू नये; त्याच्या धुरातला विषारी वायू ना दिसतो ना त्याला वास येतो. हे सांगताना कोणाला शहाणपण शिकवण्याचा आमचा अधिकार नाही, हे वर लिहिलेच आहे.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅटरीचे पाणी पाहिले जाते. कोनाड्यासमोर मासिके नाहीत. वादळाची वर्दी आली की टाकी आणि घागरी भरायच्या, टॉर्च उशाशी ठेवायचे, फ्रीज उघडायचा नाही. दार बंद राहिले तर चारेक तास थंडावा टिकतो. वीज परत येताना दाब कमीजास्त होतो म्हणून एक दिवा सोडून बाकीची बटणे बंद ठेवायची. कोठीच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर वाडीतल्या घरांची नावे आहेत: कोणाकडे यंत्रावर असलेला रुग्ण, कोणाकडे फ्रीजमध्ये इन्सुलिन, कोणाकडे एकटी म्हातारी. तो कागद बाबांनी लिहिला. अक्षर थोडे कापते.

पाऊस ओसरल्यावर आम्ही सिलिंडर भरून काकांकडे परत न्यायला निघालो. त्यांनी तो दारातच थांबवला. "तुमच्याकडेच राहू द्या. घरात दिसला की बघवत नाही." तार मागायला ते कुंपणाशी आले होते त्या संध्याकाळविषयी काहीतरी बोलावे, असे आम्ही ठरवून गेलो होतो. काकांनी चहा टाकायला सांगितला, केळीला लागलेल्या रोगाची गोष्ट काढली, आणि बोलायचे ते राहिले. ते आजही राहिलेलेच आहे.

सिलिंडर आमच्या पडवीत असतो, काकूंच्या नावाने. दरवर्षी तो तपासून आणतो. आजवर चार घरी जाऊन आला. सध्या वाडीच्या वरच्या टोकाच्या घरी आहे, आणि हातगाडी अजून काकांचीच लागते.